जुन्या तळ्यातली बादली

खात नाहीत अशी तक्रार असती तर धाकटीनं केव्हाच काहीतरी उपाय शोधून काढला असता. पण मासे खात होते. सकाळी गवताची कुट्टी टाकीत पडली रे पडली की पाण्यावर नुसती झुंबड उडायची. चपाचप आवाज करत, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत ते गवत ओढायचे आणि दुपारपर्यंत पाण्यावर काडी शिल्लक राहायची नाही. पोटं टम्म. आणि तरी खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. डोकी तेवढी मोठी दिसायची, पाठीला धार आलेली, आणि शेपटीकडे तर कातडं आणि काटा यांच्यामध्ये काही उरलेलंच नव्हतं.

"मॅडम, हे आपल्या धाकट्या मेहुण्यासारखं झालं," लंबू म्हणाला. "माझ्या हो, तुमच्या नाही. जेवायला बसला की भांडं खरवडून उठतो, आणि अंगावरचा शर्ट बघावा तर खुंटीला टांगल्यासारखा."

लंबू तिच्याकडे गवत कापायला आणि टाक्या धुवायला होता. उंचीमुळे त्याला लंबू म्हणत. तोंड बंद ठेवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. एरवी धाकटी हसली असती. त्या दिवशी तिनं हातजाळीत आलेला मासा उलटा करून त्याच्या पोटावर बोट दाबलं, मागून हिरवागार रेंदा बाहेर आला, आणि तिला हसण्याऐवजी कोणाला तरी दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. कोणाला, ते अजून ठरायचं होतं.

चाळिशी उलटली तरी घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. घर म्हणजे दोन बहिणी, ताई आणि ही. आई गेली, तेव्हा तिच्यामागे या दोघी राहिल्या आणि एक तळं राहिलं. धाकटी शिकली, माशांच्याच विषयात शिकली, पुढं एका प्रयोगशाळेत लोकांनी पाठवलेले माशांचे नमुने तपासत बसली. ताईनं लग्न केलं नाही. आईचं दुखणं आणि तळं यांतच तिचं वय निघून गेलं. आपण मागे राहिलो म्हणून धाकटी पुढं गेली, हे ताईनं कधी बोलून दाखवलं नाही, पण न बोलता दाखवायची तिची तऱ्हा अशी होती की त्यापेक्षा बोललेलं परवडलं असतं.

मग धाकटीनं नोकरी सोडली आणि बंद पडलेला बर्फाचा कारखाना भाड्यानं घेतला. भिंतींना पांढऱ्या फरशा, रांगेनं टाक्या, पाणी गाळायची यंत्रं, गाळलेल्या पाण्यातले उरलेसुरले जंतू मारायला निळसर प्रकाशाचे दिवे. दाराशी जांभळ्या औषधी पाण्याचं पसरट घमेलं. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. धाकटी स्वतःसुद्धा नाही. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही. लंबू सुरुवातीला म्हणायचा की आपलं पोर झालं तेव्हा दवाखान्यातसुद्धा पोराला इतकं धुऊन घेतलं नव्हतं.

हा सगळा पसारा एका माणसाच्या शब्दावर उभा होता. मोठ्या हॉटेलांना मासे पुरवणारा एक व्यापारी होता. पूर्वी कधीतरी त्यानं त्यांच्या आईच्या तळ्यातला गवत्या मासा खाल्ला होता आणि ती चव त्याच्या जिभेवरून गेली नव्हती. "तयार खाद्याच्या गोळ्या खाऊन फुगलेले मासे मला कोणीही देतं," तो धाकटीला म्हणाला होता. "मला निव्वळ गवतावर वाढलेला हवा. तसा दिलात तर दर वर्षी सगळा माल माझा. नाही दिलात तर आपली ओळख आहे, तेवढीच राहील." हंगाम संपताना तो बघायला येणार होता. तोवर मासे गवतावर वाढले नाहीत, तर कारखान्याच्या मालकाकडे दुसरा भाडेकरू तयार होता, आणि सोडलेल्या नोकरीच्या खुर्चीत कधीच दुसरं कोणी येऊन बसलं होतं.

म्हणून धाकटी डोळ्यांत तेल घालून बघत होती. पाणी तपासलं, उत्तम निघालं. कल्ल्यांत किडे शोधले, एक सापडला नाही. गवत बदलून पाहिलं, कोवळं घातलं, बारीक चिरलं, वाळवलं, भिजवलं. मासे सगळं खात होते आणि दिवसागणिक वाळत होते.

शेवटी तिनं एक मासा मेजावर घेऊन चिरला.

गवत्या माशाला आपल्यासारखी पोटाची पिशवी नसते. गळ्याच्या आत दात असतात, त्यांनी तो गवत कातरतो आणि ते सरळ आतड्यात जातं. कातरायचं काम या माशांनी चोख केलेलं होतं. आतड्यात हिरवा चुरा ठासून भरला होता. पण सुरुवातीला जो रंग, तोच मध्यावर, तोच शेवटाला. एवढ्या लांब नळीतून प्रवास करून गवत जसं आत गेलं तसं बाहेर पडत होतं. तिनं शेवटच्या टोकाचा एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गवताच्या पेशींच्या भिंती अखंड उभ्या होत्या, आणि त्या भिंतींच्या मध्ये काही म्हणजे काही हलत नव्हतं. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढली, पण इतकं स्वच्छ आतडं तिनं पाहिलं नव्हतं.

तिनं डोळा काढला. पुन्हा लावला. मग स्टुलावर बसली.

खरं तर तिला हे माहीत होतं. परीक्षेत यावर तिनं पानंच्या पानं लिहिली होती. गवताच्या पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते. ती फोडणारा पाचकरस माशाचं शरीर स्वतः बनवत नाही. ते काम करतात त्याच्या आतड्यात वस्तीला असलेले जिवाणू. तेही सगळं गवत फोडत नाहीत. धडधाकट गवत्या माशाच्या पोटातूनही निम्म्याहून जास्त तसंच बाहेर पडतं. पण जे थोडंफार फुटतं, त्यावर तो मासा जगतो. आणि हे भाडेकरू माशाबरोबर जन्माला येत नाहीत. पिल्लं ती वस्ती मिळवतात बाहेरून, तळातल्या गाळातून, मोठ्या माशांच्या विष्ठेतून. दुधाला विरजण लागावं तसं.

आणि तिच्या शेडमध्ये मोठा मासा नव्हता, गाळ नव्हता, विष्ठा पडली की यंत्र ती लगेच ओढून घेत होतं. पिल्लं देणाऱ्याकडे अंडीच धुतलेली, इथं पिल्लं धुतलेली, पाण्यातले जंतू मारलेले. लंबूचे पायसुद्धा जांभळे.

मग तिला बादली आठवली आणि तिच्या कानशिलांतून गरम वाफा निघाल्या.

हंगामाच्या सुरुवातीला बोटाएवढी पिल्लं आली, त्या दिवसाची गोष्ट. पिल्लांच्या पिशव्या टाकीत सोडायचं काम चाललं होतं. व्यापारी आलेला होता, कारखान्याचा मालक होता, दोनचार शेजारी बघायला जमले होते. इतक्यात ताई आली. आईची जुनी पत्र्याची बादली घेऊन, पाऊण भरलेली, हिंदकळत. आत काळंहिरवं पाणी, तळाला गाळ, वर माशांची विष्ठा. आईच्या काळापासूनची ही रीत होती. नवीन खड्ड्यात पिल्लं सोडली की जुन्या तळ्यातली एक बादली त्यात ओतायची. का, ते आईला ठाऊक नव्हतं. ताईलाही नव्हतं. ताईला विचारलं असतं तर "आई ओतायची" यापलीकडे ती काही सांगू शकली नसती. आपल्या घरातून नव्या घरी जाताना कोणी मूठभर काही बरोबर देतं, तसंच ते, एवढंच तिच्या मनात असावं.

"तिथंच थांब," धाकटी ओरडली होती. "पाय बुडव. आणि ते काय आणलंयस?"

"बादली," ताई म्हणाली. "सगळ्यांत थोडी थोडी घाल."

"वेड लागलंय का तुला? हे सगळं कशासाठी केलंय मी?" धाकटी दाराशी गेली, ताईच्या हातातून बादली घेतली आणि दाराबाहेरच्या गटारात उपडी केली. सगळ्यांच्या देखत. "तुझ्या तळ्यातलं काहीही माझ्याकडे यायला नको. ती घाण आहे, ताई. तू जन्मभर घाणीत मासे पाळलेस म्हणून मीही पाळू का?"

व्यापाऱ्यानं दुसरीकडे पाहिलं. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी खोकलं. ताईनं बादली उचलली, आत एकदा बघितलं, आणि गेली. पायसुद्धा न बुडवता आली होती, तशीच गेली. त्यानंतर तिनं इकडे पाऊल टाकलं नव्हतं. धाकटीला सुरुवातीला वाईट वाटलं, मग वाईट वाटण्याचा राग आला, आणि मग कामाच्या धबडग्यात तिनं तो विषय मागं टाकला. चारचौघांत थोरल्या बहिणीचा पाणउतारा करून माणूस किती लवकर कामाला लागू शकतो, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

आता तिला तीच बादली हवी होती.

तिनं आधी इतर सगळं करून पाहिलं, हे सांगायला नको. ताईच्या दारात जाणं इतकं जिवावर आलं होतं की ती आसपासच्या सगळ्या तळ्यांवर हिंडून आली. पण हल्ली सगळेच गोळ्या घालत. पोत्यातून ओतल्या की झालं. गवत कापायला कोणाला वेळ होता? त्या माशांच्या पोटात गवत फोडणारं कोणी उरलं असेल याची तिला खात्री नव्हती. तरी तिनं दोन ठिकाणचा गाळ आणून शेवटच्या टाकीत घातला. दिवे बंद केले, यंत्र बंद केलं. पाणी गढूळ झालं. मासे तसेच राहिले. कदाचित बराच वेळ वाट पाहिली असती तर काही झालंही असतं. वेळच तर नव्हता. बाकीच्या टाक्यांमध्ये मासे मरायला लागले होते, रोज सकाळी पांढरी पोटं वर.

"मॅडम," लंबू एकदा म्हणाला, "त्या तुमच्या ताईंकडे सगळे मासे विकायला काढलेत, असं बाजारात ऐकलं."

"विकणारच," धाकटी खेकसली. "मासे काय मिरवायला पाळतात?"

लंबूनं ब्रश उचलला आणि टाकी घासायला घेतली.

शेवटी एका दुपारी ती गेली. वाटेत तिनं मनात सगळं जुळवलं होतं. आधी माफी मागायची. नुसतं 'चुकलं' म्हणून चालणार नाही, कारण ताई "काय चुकलं?" असं विचारणार. मग बादलीचं सांगायचं, नीट, समजेल असं. आईची रीत का बरोबर होती ते सांगायचं. हे ऐकून ताईला किती बरं वाटेल, असा एक विचार तिच्या मनात आला आणि त्यानं तिला जरा धीर आला. विटांच्या ढिगांमागून वळलं की आधी वास यायचा, ओल्या पाल्याचा, गाळाचा, माशांचा. लहानपणी शाळेतून येताना त्या वासावरून घर आलं हे कळायचं.

वास आला नाही.

फाटकाशी एक प्लास्टिकचा टब ठेवला होता. आत जांभळं पाणी.

"पाय बुडव आधी," पलीकडून ताई म्हणाली.

धाकटीनं पाय बुडवले. ताई काठावर उभी होती, हातात लांब दांड्याचा ब्रश, डोक्याला फडकं बांधलेलं. तिच्यामागे तळं होतं. म्हणजे तळ्याच्या जागी काहीतरी होतं. तळाला आणि काठांना निळं प्लास्टिक, कडेकडेनं चुन्याची पांढरी रेघ, आणि पाणी इतकं नितळ की तळाशी पडलेला खडा उचलून घ्यावासा वाटला असता. आत एकही मासा नव्हता.

"बघतेस काय?" ताई म्हणाली. "गाळ काढला सगळा. गाड्या भरभरून नेला. मग चुना टाकला, मग उन्हात तडकेपर्यंत सुकवलं. तुझ्यासारखे दिवे नाही परवडायचे मला, पण औषध मारलंय. आता पिल्लं आणायची तेवढी बाकी आहेत."

"आणि मासे?"

"विकले."

"सगळे? थोरली?"

थोरली म्हणजे आईच्या वेळची मासळी. हाताएवढी नव्हे, मांडीएवढी. धाकटी लहानपणी काठावर बसून तिच्या तोंडात गवताची पाती द्यायची आणि थोरली ती बोटांतून हळूच ओढून घ्यायची.

"तिला कोणी घेईना," ताई म्हणाली. "मांस राठ झालं होतं म्हातारीचं. शेवटी गाळ नेणाऱ्या गाडीतच घातली. त्यांचं खत करतात ना."

ती हे ब्रशाच्या दांड्याकडे बघत म्हणाली.

"का पण? ताई, कशासाठी?"

"तूच म्हणालीस ना." ताईच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी घरी आले मी. तुझ्यावर इतकी चिडले होते की वाटेत मोठ्यानं बोलत होते, लोक बघत होते. इथं येऊन उभी राहिले, आणि मला वास आला. तळ्याचा. इतक्या वर्षांत कधी आला नव्हता गं. इथंच वाढले, आईला इथंच शेवटचं धरलं, पण वास कधी आला नाही. त्या दिवशी आला, आणि मग जाईचना. कपड्यांना यायला लागला. जेवताना हाताला यायचा. दुकानात गेले की वाटायचं, लोक माझ्यापासून जरा लांब उभे राहतात. किती वर्षं राहत असतील, कोण जाणे."

"ताई, मी त्या दिवशी..."

"नाही, ऐक. हे बोलायला मला किती दिवस लागलेत." ताईनं ब्रश खाली ठेवला. "तुझंच बरोबर होतं. मी आपली आई करायची ते करत बसले. तू शिकलीस, तुला कळतं. तेव्हाही मला ते मान्य करता आलं नाही. तुझंच बरोबर होतं."

धाकटी उभी होती. आयुष्यभर तिला ताईच्या तोंडून एवढं एक वाक्य हवं होतं. पहिला नंबर आला तेव्हा हवं होतं, नोकरी लागली तेव्हा हवं होतं, कारखाना घेतला तेव्हा तर फारच हवं होतं. ताईनं दर वेळी "बरं" म्हणून भाजी चिरायला घेतली होती. आणि आज ते वाक्य आलं, तेही मनापासून, आणि ते साफ खोटं होतं. खोटं आहे हे जगात फक्त धाकटीला माहीत होतं.

ती बोलू शकली असती. तोंड उघडायचं आणि सांगायचं, बस. पण मग ताईनं या रिकाम्या निळ्या पाण्याकडे कसं बघायचं? आणि खरं सांगायचं तर, एवढं एकच कारण नव्हतं. ते वाक्य इतक्या वर्षांनी हातात पडलं होतं, ते लगेच परत करायला तिचा जीव होईना. हे तिलाही त्याच क्षणी कळलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"छान झालंय," ती म्हणाली.

ताईचा चेहरा उजळला. तिला असं हसताना धाकटीनं कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. "आता येऊ देशील ना मला आत?" ताईनं विचारलं. "मासे बघायला? पाय बुडवून येईन."

"ये की. कधीही ये."

"थांब, एक वस्तू देते." ताई आत गेली आणि बादली घेऊन आली. आईची पत्र्याची बादली. तिच्या आतल्या बाजूनं गाळाची जी काळी रेघ कायमची बसलेली असायची ती गेली होती. तळ चकचकीत, कड्या घासलेल्या. "राखेनं घासली, मग सोड्यानं, वरून उकळतं पाणी ओतलं. आता हिला तू नाव ठेवणार नाहीस. घेऊन जा, तुझ्याकडं असू दे."

धाकटी ती रिकामी बादली घेऊन घरी गेली. वाटेत ती फार हलकी लागत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं गोळ्यांची पोती मागवली. एक शेवटची टाकी सोडून बाकी सगळ्या टाक्यांत गोळ्या पडायला लागल्या आणि मासे भराभर सुधारले. गोळ्या पचवायला कोणाची वस्ती लागत नाही. पाठी भरल्या, शेपट्या भरल्या, मरायचे थांबले. लंबू खूश झाला. आता ते व्यापाऱ्याच्या कामाचे नव्हते, बाजारात कोणाकडेही मिळतात तसले ते मासे होते. शेवटच्या टाकीत मात्र तिनं गवतच चालू ठेवलं. तेवढ्या एका टाकीवर तिची सगळी आशा होती. इतरांच्या तळ्यातला तो उसना गाळ कदाचित काही करेल, व्यापारी येईल तोवर चार मासे तरी दाखवण्यासारखे होतील, त्यावर त्याला पुढच्या हंगामाचं पटवता येईल. रोज ती एक मासा हातात घ्यायची, पोट दाबायची, आणि रोज हिरवा रेंदा बाहेर यायचा.

व्यापारी येण्याच्या आदल्या दिवशी ताई आली. नवी चप्पल घालून आली होती, ती दारात काढली, घमेल्यात एक एक पाय नीट बुडवला, हात धुतले, आणि पाहुणी आल्यासारखी जरा अवघडून आत आली. लंबूनं स्टूल पुसून दिलं. ती बसली नाही. एका एका टाकीपाशी थांबून बघत राहिली. "गोळ्या घालतेस?" तिनं विचारलं.

"थोड्या," धाकटी म्हणाली. "या टाक्यांना."

"हं."

मग ताई शेवटच्या टाकीपाशी आली. लंबूनं नुकतंच गवत टाकलं होतं आणि पाण्यावर झुंबड उडाली होती. ताईनं वाकून बघितलं. न विचारता हात पाण्यात घातला, गवताची दोन पाती धरली, एक मासा आला, ती त्याला अलगद वर घेऊन बघत राहिली. डोकं मोठं, पाठ धारेसारखी, पोट टम्म.

"खातात, पण अंगी लागत नाहीये यांच्या," ती म्हणाली.

धाकटीनं पाण्यावरचं गवत हातानं बाजूला सारलं.

"आमच्याकडे असं कधी होत नव्हतं," ताई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मासा तिनं पाण्यात सोडला. "नव्या खड्ड्यातसुद्धा नाही. एक बादली ओत की आपल्या तळ्यातली, म्हणजे..."

ती थांबली. बर्फाच्या कारखान्यातल्या त्या जुन्या भिंतींमध्ये यंत्रांचा घरघर आवाज तेवढा चालू होता. ताईचा ओला हात टाकीच्या काठावर तसाच राहिला. तिला सेल्युलोज माहीत नव्हतं, जिवाणू माहीत नव्हते, पण मासे तिनं आयुष्यभर पाहिले होते, आणि बहिणीचा चेहरा त्याहून जास्त वेळ पाहिला होता. तिनं वळून त्या चेहऱ्याकडे बघितलं.

"तू त्या दिवशी बादली न्यायला आली होतीस," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी दिली तुला बादली." ताई हसली. ते हसू बघवत नव्हतं. "घासून, उकळून दिली."

"ताई, मी सांगणारच होते."

"मग का नाही सांगितलंस? माझी दया आली?"

धाकटीनं खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "तू म्हणालीस माझंच बरोबर होतं," ती म्हणाली. "ते ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. मला ते मोडवेना."

ताईनं हे नीट ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसला.

"मिळालं ना ते तुला," ती म्हणाली. "मग आता तेच घाल यांना खायला."

ती दाराकडे गेली. बाहेर जाताना पाय बुडवायची गरज नसते, ते आत येणाऱ्यांसाठी आहे, हे लंबूनं तिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ताई घमेल्यात दोन्ही पाय घालून उभी राहिली. पुष्कळ वेळ उभी राहिली. घोट्यांपर्यंत, मग वाकून हातानं पोटरीपर्यंत पाणी चोळलं, कोपरापर्यंत हात धुतले, आणि नवी चप्पल हातातच घेऊन निघून गेली.

फरशीवर जांभळी पावलं उमटली होती. धाकटी ती वाळेपर्यंत बघत राहिली.

"मॅडम," थोड्या वेळानं लंबूनं हळूच विचारलं. त्याच्या काखेत गोळ्यांचं पोतं होतं. "या टाकीतही टाकू?"

"टाक," धाकटी म्हणाली.

त्यानं मूठभर गोळ्या भिरकावल्या. मासे तशीच झुंबड करून वर आले.